आडवी जाणारी सायकल

"काका, खरंच दिसला नाहीत हो."

गल्लीच्या तोंडाशी करकचून ब्रेक दाबून थांबलेल्या गाडीतल्या पोराने काच खाली केली आणि तो एवढंच म्हणाला. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. माझ्या सायकलला पुढे पांढरा दिवा होता, मागे लाल दिवा लुकलुकत होता, अंगात चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, पुण्यातला नेहमीचा रस्ता होता. सगळं यथासांग करूनही मी त्याला दिसलो नव्हतो, कारण तो आला होता बाजूने. बाजूने पाहिलं तर सायकल म्हणजे दोन पोकळ वर्तुळं आणि मध्ये चार नळ्या. तिच्यातून पलीकडची भिंत दिसते.

पुढचा दिवा पुढे बघतो, मागचा मागे. चौकात आडवं जाताना दोघांचाही उपयोग जवळपास शून्य. हे कळत होतं, पण पोरगा समोर बघत असूनही मी त्याला का दिसलो नाही, ते नीट कळलं घरी येऊन वहीवर दोन रेघा काढल्यावर.

समजा गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. सायकल ताशी १५ ने, म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या थोडी वर. दोघं काटकोनात येताहेत आणि बरोबर चौकात एकमेकांवर आदळणार आहेत. टक्कर होण्याच्या तीन सेकंद आधी गाडी चौकापासून ३३ मीटरवर असेल आणि सायकल साडेबारा मीटरवर. दोन सेकंद आधी २२ आणि सव्वाआठ. एक सेकंद आधी ११ आणि चार. आकडे कमी होत जातात, पण त्यांचं गुणोत्तर बदलत नाही. म्हणजेच चालकाच्या नजरेत सायकल सतत एकाच दिशेला असते, सरळ रेषेपासून साधारण २० अंश बाजूला. समोरच्या काचेवर बोट ठेवलं तर शेवटपर्यंत ती त्याच बोटाखाली राहते.

समुद्रावरच्या खलाशांना हे फार जुनं ठाऊक आहे. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर ते जहाज आपल्यावर येणार. रस्त्यावर याचा अर्थ असा, की जी सायकल आपल्यावर आदळणार नाही ती काचेवर सरकताना दिसते, आणि जी आदळणार आहे नेमकी तीच स्थिर राहते. माणसाच्या डोळ्याच्या कडेला रंग नीट कळत नाहीत, बारकावेही कळत नाहीत. तिथे कळते ती हालचाल आणि लुकलुक. न हलणारा काळा ठिपका तिथे अदृश्यच म्हणायचा. कोन जुळून आला तर काचेच्या कडेच्या खांबामागे अख्खी सायकल शेवटपर्यंत दडून राहू शकते.

वेळेचा हिशेबही क्रूर आहे. ४० च्या वेगात चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात १६–१७ मीटर जातात. कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर आणखी नऊएक मीटर. म्हणजे २५ मीटरच्या अलीकडे दिसून फायदा नाही, आणि पावसाळ्यात तर त्याहूनही आधी दिसायला हवं.

आता कुणी म्हणेल, चाकाला ते रेडियम असतंच की! असतं. नव्या सायकलीच्या स्पोकमध्ये पिवळे किंवा पांढरे चकचकीत तुकडे अडकवलेले असतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी वेगळा गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. (आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कणही नसतो, पण नंबरप्लेटच्या दुकानात जाऊन 'परावर्तक पट्टी द्या' म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील.) हे तुकडे काम कसं करतात ते बघण्यासारखं आहे. प्लॅस्टिकच्या आत बारीक बारीक कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात मिळतात. खोलीच्या कोपऱ्यात रबरी चेंडू जोरात मारला की तीन भिंतींना आपटून तो जिकडून आला तिकडेच परततो. प्रकाशाचंही तसंच होतं. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या आरशाच्या पाटीत असेच १०० कोपरे आहेत, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसर ते अजून परत पाठवतात.

पण परत पाठवायला आधी काहीतरी यावं लागतं. परावर्तक स्वतः उजेड देत नाही, गाडीच्या दिव्याचा उजेड गाडीकडे परतवतो, बस. खाली झुकवलेल्या दिव्याचा मुख्य झोत आपल्या लेनपुरता असतो. २० अंश बाजूला तो फार विरळ होतो. मध्ये गल्लीच्या कोपऱ्याची भिंत, टपरी, उभा टेम्पो असेल तर तेवढाही पोचत नाही. सायकल झोतात येते तेव्हा उशीर झालेला असतो. दुचाकीचा झोत आणखी अरुंद. म्हणून रेडियम असावंच, ते फुकटात काम करतं, त्याला सेल लागत नाही. पण चौकातली आडवी सायकल त्याच्या भरवशावर सोडू नये. तिथे सायकलीने स्वतःचा उजेड स्वतः आणला पाहिजे.

तो चाकातच का आणायचा? दांडीला एक दिवा बाजूला तोंड करून बांधला तरी चालेल, असं मलाही आधी वाटलं होतं. चालतं, पण वरचा हिशेब आठवा. दांडीवरचा दिवा सायकलीसोबत सरळ जातो, म्हणजे धडकेच्या मार्गावर तो चालकाला स्थिर ठिपकाच दिसतो. शहरात असे स्थिर ठिपके शेकड्याने असतात. दुकानाची पाटी, लांबचा खांब, गॅलरीतला बल्ब. चाकातला दिवा मात्र जागच्या जागी फिरतो. दिशा बदलली नाही तरी तो वरखाली होतो, मागेपुढे होतो. सायकलवर जागच्या जागी हलणाऱ्या गोष्टी दोनच, चाक आणि पाय.

पायांचा प्रयोग ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी केला, त्याचा निबंध २०१२ मध्ये आला. रात्री गाडी चालवणाऱ्यांना काळ्या कपड्यातले सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखू आले, भडक रंगाच्या जाकिटातले १५ टक्के, चकाकत्या पट्ट्यांच्या जाकिटातले ५० टक्के. त्याच जाकिटासोबत घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. वरखाली होणारे घोटे दिसले, की बघणाऱ्याला 'काहीतरी आहे' एवढंच न कळता 'माणूस पेडल मारतोय' हे कळतं. चाकाचंही तसंच. जमिनीलगत, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन सारखी वर्तुळं दिसली तर ती सायकलच. दुसरं काही असूच शकत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या नियमांत टायरवर किंवा रिमवर गोल चकाकतं कडं चालतं, ते याच ओळखीसाठी.

आता वर्तुळ तयार कसं होतं ते पाहू. होळीतलं पेटतं लाकूड गरगर फिरवलं की विस्तवाचं चक्र दिसतं. आपल्याकडे त्याला अलातचक्र म्हणतात, आणि वेदान्ती गौडपादांनी त्यावरून माण्डूक्यकारिकेतल्या एका अख्ख्या प्रकरणाला 'अलातशान्ति' असं नाव दिलं. त्यांना जगाच्या भासाविषयी बोलायचं होतं, आपल्याला भासच हवा आहे. डोळ्यावर पडलेला उजेड सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत रेंगाळतो. जुन्या काळ्या सायकलीच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी १५ च्या वेगात चाक सेकंदाला जवळपास दोन फेरे मारतं. सेकंदाच्या दहाव्या भागात ते एक पंचमांश फेरा फिरतं. म्हणून रिमजवळ एकच दिवा असेल तर पूर्ण वर्तुळ दिसत नाही, धूमकेतूसारखी शेपटी दिसते. पाच दिवे समान अंतरावर लावले तर शेपट्या एकमेकींना जोडल्या जाऊन कडं पूर्ण होतं. पायी चालण्याच्या वेगात, ताशी ५ ला, तेच कडं पूर्ण व्हायला १६ दिवे लागतील.

इथे मी एक चूक केली. वीस दिव्यांची माळ घेऊन मी चाकभर अगदी सारखी पसरली. सुंदर कडं झालं. गल्लीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलाला सायकल चालवायला देऊन मी लांब उभा राहिलो आणि लक्षात आलं की चाक फिरताना दिसतच नाही! सगळीकडे सारखं असलेलं वर्तुळ कितीही फिरलं तरी स्थिरच दिसणार. ज्या हालचालीसाठी खटाटोप केला तीच मी पुसून टाकली होती. त्यानंतर मी माळ दोन-तृतीयांश चाकात बसवतो आणि एक-तृतीयांश भाग काळा ठेवतो. ताशी १५ च्या वेगात शेपट्या लांबल्या तरी थोडी फट उरते आणि सेकंदाला दोनदा डोळ्यासमोरून जाते. हा माझा स्वतःचा तोडगा, कुठल्या नियमात नाही. पण लांबून बघणाऱ्याला फरक लगेच कळतो.

बाजारात काय मिळतं? व्हॉलच्या टोपीच्या जागी बसणारे दिवे सगळ्यात स्वस्त. आत तीन बारीक बटण सेल आणि एक सुई, सुईभोवती सैल स्प्रिंग. चाक हललं की स्प्रिंग सुईला टेकते आणि दिवा लागतो. बहुतेक टोप्या मोटारीच्या पद्धतीच्या व्हॉलला बसतात. ज्या काळ्या सायकलींना अजून व्हॉलट्यूब लागते त्यांना त्या तशाच बसत नाहीत, मधला तुकडा वेगळा घ्यावा लागतो. आणि एका चाकाला एकच दिवा, म्हणजे नुसती शेपटी. शिवाय सिग्नलला थांबलात की दिवा विझतो. चौकाच्या मधोमध अडखळलेल्या सायकलवाल्याला जेव्हा तो हवा असतो, नेमका तेव्हाच. लहान मुलांच्या सायकलला ठीक आहे.

दुसरा प्रकार स्पोकमध्ये अडकवायचे रबरी दिवे. त्यात रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा बटण सेल असतो आणि बटण दाबून ते चालू करावे लागतात, म्हणजे थांबल्यावरही जळत राहतात. प्रत्येक चाकाला दोन, समोरासमोर. माझ्या मते ज्याला खटपट नको त्याने हेच घ्यावेत.

तिसरा प्रकार, तांब्याच्या बारीक तारेवर ओवलेल्या दिव्यांची माळ. दिवाळीत पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत ढिगाने मिळते. घरात लावायची आणि सायकलला लावायची यात फरक फक्त सेलच्या डबीचा. तीन पेन्सिल सेलची डबी घेऊ नका, जड होते. दोन बटण सेलची घ्या.

चौथा प्रकार हौशी लोकांचा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मंकीलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी चाकावर चक्क चित्रं उमटवली. स्पोकवर एका रांगेत दिवे असतात, पुढच्या चिमट्याला लोहचुंबक. दर फेऱ्याला दिव्यांच्या पट्टीवरचा संवेदक चुंबकासमोरून जातो, एका फेऱ्याला किती वेळ लागला ते मोजतो, त्या वेळेचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात ठरलेले दिवे लावतो. वेग बदलला तरी चित्र जागेवर राहतं. युक्ती अफलातून आहे, पण चालकाने सायकल बघून वेग कमी करावा हा हेतू असेल तर त्याला चाकातलं कार्टून बघत बसवण्यात काय हशील?

चुंबकाचाच आणखी एक उपयोग डेन्मार्कच्या रीलाइट कंपनीने केला. स्पोकला चुंबक, हबजवळ तारेचं वेटोळं आणि दिवा. चुंबक समोरून गेला की वेटोळ्यात वीज तयार होते, टायरला काही घासत नाही. ज्यांनी उताराला डायनामो टेकवून चढाला तो उचलला आहे, त्यांना याची किंमत कळेल. ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर याची चाचणी झाली. कायम जळणारे दिवे लावलेल्यांमध्ये इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. अपघात लोकांनी स्वतः कळवले होते आणि आपल्याकडे दिवे आहेत हे त्यांना माहीत होतं, तेव्हा आकडा थोडा हातचा राखून घ्यावा. आणि हे पुढचे-मागचे दिवे, चाकातले नव्हेत.

आता बसवायचं कसं. आधी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. चाक हलकेच फिरवून सोडा. थांबताना जो भाग खाली येतो तो जड. बहुतेक वेळा तो व्हॉलचा असतो. पहिला दिवा व्हॉलच्या समोरच्या बाजूला, दुसरा पहिल्याच्या समोर. एकीकडेच वजन पडलं तर उतारावर चाक थडथडतं.

रिमपासून किती आत? वर्तुळ मोठं हवं असेल तर दिवा रिमजवळ हवा, पण तिथे त्याला बाहेर फेकणारा जोर जास्त. ताशी १५ ला तो वजनाच्या साधारण साडेचारपट असतो. सिंहगड उतरताना वेग ४० वर गेला तर तीसएक पट. म्हणजे २० ग्रॅमचा दिवा सहाशे ग्रॅमचा होऊन सुटायला बघतो. म्हणून दिवे रिमपासून चार-पाच बोटं आत घ्यावेत आणि प्रत्येकाला केबल टाय मारावाच, रबराच्या पकडीवर विसंबू नये. टायचं शेपूट कापून टाका, नाहीतर ते चिमट्याला टकटक करत राहतं.

माळ असेल तर सेलची डबी हबला चिकटून, स्पोकच्या जाळ्याच्या आत बांधा; तिथे फेकणारा जोर सगळ्यात कमी. तिथून तार एका स्पोकवरून बाहेर आणा आणि २५ सेंटिमीटर त्रिज्येवर एकाआड एक स्पोकला वेढा देत फिरवा. पूर्ण फेऱ्याला १५७ सेंटिमीटर तार लागते, दोन-तृतीयांशाला मीटरभर. त्यामुळे दोन मीटरची माळ दुहेरी करून वापरता येते, उजेडही दुप्पट पडतो. तार ताणू नका. स्पोक धक्क्याला थोडे लवचतात, ताणलेली तार आठवड्यात तुटते. पंक्चर काढायला अडचण येत नाही. रिमचा आउट काढायची वेळ आली तर मात्र दुकानदार माळ बघून कपाळाला हात लावेल, तेव्हा ती आधीच सोडवून न्या.

ब्रेक बघितल्याशिवाय काम संपत नाही. काळ्या सायकलीचे रॉडचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने, म्हणजे हबकडून दाबतात. तिथे पट्टी, टाय, तार काहीही नको, पण रिमची बाजू मोकळी असते, तिच्यावर रेडियमची पट्टी खुशाल लावा. केबलच्या ब्रेकचं उलटं. त्याची रबरं रिमच्या बाजूलाच घासतात. तिथे पट्टी लावली तर ती पहिल्याच पावसात ब्रेकसकट फसवेल. गिअरची सायकल असेल तर मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला चेनच्या वाटेत काही येत नाही ना, ते सगळे गिअर बदलून तपासा.

रंग? पुढे पांढरा आणि मागे लाल ही समजूत मोडू नये, नाहीतर सायकल कुठल्या दिशेला चालली आहे याचाच घोळ होतो. मी पुढच्या चाकात पांढरी माळ आणि मागच्यात पिवळसर लावली आहे. निळा मुद्दाम टाळतो. पोलिसांच्या गाडीचा वाटतो.

पावसाळ्यात सेलच्या डबीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबरबँड लावा, तोंड रिमच्या नव्हे तर हबच्या बाजूला. ऑक्टोबरमध्ये सेल काढून बघा. हिरवा गंज चढला असेल तर संपर्काची पट्टी सँडपेपरने घासायची, बहुतेक वेळा माळ परत लागते.

चाकातले दिवे समोरून आणि मागून पाहणाऱ्याला जवळजवळ दिसत नाहीत, कारण तिकडून चाक म्हणजे एक उभी रेघ. तेव्हा ते लावले म्हणून मागचा लाल दिवा काढून ठेवू नका.

सगळं बसवून झालं की रात्री घरातल्या कुणाला तरी सायकल घेऊन गल्लीच्या तोंडावरून आडवं जायला सांगा. तुम्ही गल्लीत पस्तीस पावलं मागे जाऊन उभे राहा, म्हणजे साधारण २५ मीटर झाले. समोर बघत राहा, सायकलकडे मुद्दाम मान वळवू नका. तेवढ्या अंतरावरून चाकं नजरेच्या कडेला आपोआप आली, तर बसवणं जमलं. नाही आली, तर माळेतला काळा भाग थोडा वाढवून पुन्हा बघा.